माल एकाचा, नियम दुसऱ्याचे

दोन रुपयांच्या एका धनादेशाने महाराष्ट्राची बाजारव्यवस्था जितकी उघडी पाडली, तितकी ती कोणत्याही चौकशी समितीच्या अहवालाने पडली नसेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील बोरगाव येथील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने दहा पिशव्या, म्हणजे ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजार समितीत विक्रीस नेला. भाव निघाला किलोमागे एक रुपया. एकूण किंमत झाली ५१२ रुपये. हिशेबपट्टीत हमालीपोटी ४० रुपये ४५ पैसे, तोलाईपोटी २४ रुपये ६ पैसे, मोटारभाड्यापोटी १५ रुपये आणि रोख उचलीपोटी ४३० रुपये वजा झाले. शिल्लक राहिले २ रुपये ४९ पैसे. वरचे पैसे गाळून दोन रुपयांचा धनादेश त्या शेतकऱ्याच्या हाती ठेवण्यात आला, आणि तोही पुढल्या तारखेचा! वृत्तपत्रांनी त्या धनादेशाची छायाचित्रे छापली, सर्वत्र संताप व्यक्त झाला, संबंधित व्यापाऱ्याचा परवाना पंधरा दिवसांसाठी निलंबित झाला. पंधरा दिवस संपले, संतापही संपला. प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

संतापाचा एक दोष असा की, तो हिशेब नीट वाचू देत नाही. वस्तुतः ती पट्टी शांतपणे वाचण्याजोगी आहे. त्यातील ४३० रुपये ही रोख उचल होती, ते बाजाराचे शुल्क नव्हते. मोटारभाडेही बाजूला ठेवू. बाजाराने खऱ्या अर्थाने आकारले ते हमाली आणि तोलाई मिळून ६४ रुपये ५१ पैसे. ५१२ रुपयांच्या मालावर हे प्रमाण साडेबारा टक्क्यांहून थोडे अधिक, म्हणजे रुपयातील दोन आणे पडते. आता त्याच दहा पिशव्यांना किलोमागे २० रुपये भाव मिळाला असता तर किंमत १०,२४० रुपये झाली असती, आणि तेच ६४ रुपये ५१ पैसे शंभर रुपयांमागे अवघे ६३ पैसे ठरले असते. पिशवी उचलण्याचे श्रम भावावर अवलंबून नसतात, ते वजनावर अवलंबून असतात. त्यामुळे हमालाचे दाम वजनावर ठरते आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाचे पोट शेतकऱ्याच्या पोटाहून वेगळे नाही. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला, तो योग्यच होता.

तथापि या रचनेत दडलेला अन्याय येथेच स्पष्ट होतो. हमालाला ठरलेले मिळते, तोलाराला ठरलेले मिळते, गाडीवाल्याला ठरलेले मिळते. ज्याचे काहीच ठरलेले नाही असा त्या आवारात एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे मालाचा मालक. भाव चढला तर शुल्क त्याच्या नजरेत भरत नाही. भाव कोसळला की तेच शुल्क त्याच्या उरावर बसते. सर्वांचे उत्पन्न निश्चित आणि सगळी जोखीम एकट्या विक्रेत्याची, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय वजावट किती होणार आणि पैसे कधी मिळणार, हे त्याला कळते ते पट्टी हाती आल्यावर. तोवर माल दुसऱ्याच्या वखारीत गेलेला असतो.

परंड्याच्या वाचकाला ही कथा शेजारच्या तालुक्यातील म्हणून परकी वाटण्याचे कारण नाही. परंडा तालुका धाराशिव जिल्ह्यात असला तरी त्याचे बाजाराचे नाते पूर्वापार बार्शीशी आणि पुढे सोलापूरशी आहे. परंड्यात बाजार समिती आहे, पण कांद्याची गाडी भरली की तिचे तोंड बहुधा सोलापूरकडे वळते. ज्वारी, तूर, उडीद निघाला की बार्शीच्या आडत दुकानांची आठवण होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही दोन गावे दोन राज्यांत होती. परंडा निजामाच्या संस्थानात, तर बार्शी मुंबई इलाख्यात. मधल्या सीमेवर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, आकारली जाई. बार्शीला १८९७ साली छोटी रेल्वे आली आणि मराठवाड्याच्या पश्चिम अंगाचा माल त्या गावाकडे ओढला गेला. करोडगिरीचे नाके इतिहासजमा झाले, छोट्या रेल्वेचा रूळही रुंद झाला. पण पिकवणारा एका गावचा आणि भाव ठरवणारा दुसऱ्या गावचा, ही परंड्याच्या शेतकऱ्याची स्थिती फारशी पालटली नाही.

लिलाव ही मूळची वाईट गोष्ट नव्हे. उलट ती विक्रेत्याच्या संरक्षणासाठीच आणली गेली. त्यापूर्वी हत्ता पद्धत होती. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि मालाचा धनी समोर उभा राहून रुमालाकडे पाहत असे. त्याच्या मालाचा सौदा त्याच्याच देखत होई आणि त्यालाच तो दिसत नसे. जोडीला कडता, वाताव, धर्मादाय, पांजरपोळ अशा नाना नावांनी कपाती होत. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात या अनिष्ट प्रथांची दखल घेतली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्याआधीच १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही १९३० साली कृषी बाजारांचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६३ साली कृषी उत्पन्न पणन कायदा केला. खुला लिलाव, परवानाधारक व्यापारी, प्रमाणित वजनकाटा, लेखी हिशेबपट्टी आणि चोवीस तासांत विक्रीची रक्कम, ही त्या व्यवस्थेची वचने होती. रुमाल उचलला गेला, हे या कायद्याचे श्रेय कोणीही नाकारू नये.

पण रुमाल उचलला तरी हात तेच राहिले. ज्या आडत्याने शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणून चांगला भाव मिळवून द्यायचा, त्याची आडत अनेक दशके शेतकऱ्याच्याच पट्टीतून वजा होत राहिली. कांद्यासारख्या मालावर ती सहा टक्के असे, भाजीपाल्यावर त्याहूनही अधिक. नियमित संबंध मात्र आडत्याचे खरेदीदाराशी! शेतकरी वर्षातून चार वेळा येणार, खरेदीदार रोज येणार. अशा वेळी दलाल कोणाची बाजू राखील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून आडत घेऊ नये असा आदेश काढला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे सरकारने त्यास स्थगिती दिली. अखेर जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मुक्त करण्यात आला आणि आडत खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, बाजार ठप्प झाले, शहरांत भाजी महागली. सरकार या वेळी मागे हटले नाही. बंद मिटला, लिलाव पुन्हा सुरू झाले.

या घटनेचा धडा मोलाचा आहे. शुल्क कोणी भरायचे, हा सृष्टीचा नियम नसून माणसाने केलेला नियम आहे आणि तो बदलता येतो. आकाश कोसळेल असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते, पण आकाश जागच्या जागी राहिले. अर्थात एका दाराने घालवलेली वजावट दुसऱ्या दाराने परत येऊ पाहते, हेही तितकेच खरे. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली, तोलाई आणि त्यावरील लेव्हीच्या वादात कांद्याचे लिलाव बंद पडले. व्यापारी आणि कामगार यांच्या भांडणात उघड्यावर वाळला तो शेतकऱ्याचा कांदा.

शुल्काइतकाच, किंबहुना त्याहून गंभीर प्रश्न आहे तो पैसे मिळण्याचा. कायद्यात चोवीस तास लिहिलेले आहेत, पण व्यवहारात पुढल्या तारखेचा धनादेश चालतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर अनेक बाजारांत रोखीची जागा धनादेशाने घेतली. हिशेबाच्या स्वच्छतेच्या दृष्टीने ते स्वागतार्ह होते. पण धनादेश वटेपर्यंत बियाण्याच्या दुकानदाराने थांबायचे की सोसायटीच्या हप्त्याने, हे कोणी सांगितले नाही. न वटलेल्या धनादेशासाठी न्यायालयाचे दार उघडे आहे खरे, पण चार-पाच हजार रुपयांसाठी परंड्याच्या शेतकऱ्याने सोलापूरच्या न्यायालयात तारखांमागून तारखा कराव्यात, ही अपेक्षाच क्रूर आहे.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. सर्व आडते लुबाडणारे आहेत, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. लग्नकार्य, दुखणे, पेरणी अशा अडीअडचणीला बँकेच्या आधी आडत्याच उचल देतो, हे गावोगावचे वास्तव आहे. त्याचा स्वतःचा माल चेन्नई, बंगळूर, कोलकाता येथे जातो आणि तेथील पैसे आठवडे-आठवडे अडकतात, ही त्याची तक्रारही खोटी नाही. मग लांबच्या खरेदीदाराने लावलेला उशीर तो जवळच्या विक्रेत्याच्या अंगावर ढकलतो. म्हणजे साखळीतील सर्वांत दुबळा माणूस साऱ्या साखळीला बिनव्याजी कर्ज देतो! आणि ज्याने उचल घेतली आहे, तो उशिराविरुद्ध तोंड उघडू शकत नाही. उचल हे उपकाराचे रूप घेऊन आलेले बंधन आहे. २०२० च्या केंद्रीय कृषी व्यापार कायद्यात त्याच दिवशी, फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे देण्याची तरतूद होती. तो कायदा २०२१ च्या अखेरीस मागे घेतला गेला. त्या कायद्याच्या गुणदोषांचा वाद येथे नको. परंतु कायदा जुना असो वा नवा, मुदत मोडणाऱ्यास तत्काळ झळ लागल्याशिवाय ती पाळली जात नाही, हे दोन्हींच्या बाबतीत खरे आहे.

मग संगणक हा उपाय आहे काय? १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम ही योजना आठ राज्यांतील २१ बाजार समित्यांत सुरू केली. मे २०२० पर्यंत ती संख्या एक हजारावर गेली. कल्पना उत्तम आहे. मालाचा नमुना तपासायचा, त्याची प्रत ठरवायची, ती सर्वांना पडद्यावर दिसेल, लांबचा व्यापारीही बोली लावील आणि विक्रीची रक्कम थेट विक्रेत्याच्या बँक खात्यात जमा होईल. यात रुमाल नाही, कुजबूज नाही, पुढल्या तारखेचा धनादेश नाही. पण जेथे नमुना तपासण्याची सोयच अपुरी, तेथे लांबच्या व्यापाऱ्याने न पाहिलेल्या मालावर कशाच्या भरवशावर बोली लावावी? वाद झाला तर तो कोणत्या गावी सोडवावा? त्यामुळे अनेक ठिकाणी सौदा तोंडीच होतो आणि नंतर त्याची नोंद पडद्यावर केली जाते. जुन्याच वहीला नवे वेष्टन घालण्याचा हा प्रकार झाला. यंत्र कितीही प्रामाणिक असले तरी ते चालविणाऱ्या व्यवस्थेहून अधिक प्रामाणिक होऊ शकत नाही.

आवाराच्या या जाचाला कंटाळून शेतकरी कुटुंबातील नवी पिढी दुसरी वाट धरू पाहते आहे. घरातील मुलगा भ्रमणध्वनीवर दुकान उघडतो. बहीण बचत गटाची शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पदार्थ, पापड-कुरडया त्यावर मांडते. आडत्या नको, हमाली नको, ग्राहक थेट पुण्या-मुंबईचा. या उपक्रमशीलतेचे कौतुकच केले पाहिजे. पण पहिल्या महिन्याचा हिशेब हाती येतो, तेव्हा वडिलांच्या पट्टीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. विक्रीवरची दलाली, प्रत्येक मागणीमागचे ठरावीक शुल्क, पोहोचवण्याचा खर्च, या शुल्कांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, आणि ग्राहकाने माल परत पाठवला तर त्याचा भुर्दंड. येथेही ठरावीक शुल्क वस्तूच्या किमतीकडे पाहत नाही. समजा, मागणीमागे चाळीस रुपये ठरावीक खर्च येतो. दोन हजारांच्या साडीवर तो दोन टक्के, पण दोनशे रुपयांच्या चटणीवर वीस टक्के पडतो. दहा पिशव्यांच्या हमालीचेच हे गणित नव्या वेषात आले आहे. अलीकडे काही कंपन्यांनी स्वस्त वस्तूंवरील दलाली माफ केल्याच्या घोषणा केल्या, त्यांचे स्वागत आहे. पण दलाली गेली तरी बाकीची शुल्के राहतात, आणि आज माफ झालेली दलाली उद्या पुन्हा लागणार नाही, याची हमी विक्रेत्याला कोण देणार?

ही शंका निराधार नाही, तिला इतिहासाचा आधार आहे. भारतात संगणकावरील लिलाव लोकांच्या परिचयाचा केला तो ‘बाझी’ या २००० साली सुरू झालेल्या संकेतस्थळाने. २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘ईबे’ने ते पाच कोटी डॉलर्सना विकत घेतले. जुनी नाणी, टपाल तिकिटे, पुस्तके, हस्तकलेच्या वस्तू विकणारे हजारो लहान विक्रेते त्यावर आले. ग्राहकाचे पैसे ‘पैसापे’ या व्यवस्थेत जमा होत आणि माल पोहोचल्यावर, शुल्क वजा करून, विक्रेत्याला मिळत. ग्राहकाच्या विश्वासासाठी ते आवश्यक होते, पण तेवढे दिवस विक्रेत्याचे भांडवल अडकून राही. २०१७ मध्ये ईबेचा भारतीय व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते दुकान बंदच झाले. वर्षानुवर्षे चोख व्यवहार करून ज्यांनी त्या बाजारात पत कमावली होती, त्यांना ती पत सोबत नेता आली नाही. बार्शीच्या पेठेत चाळीस वर्षे सचोटीने व्यवहार करणाऱ्याचे नाव पेठ बदलली तरी त्याच्याबरोबर जाते. या बाजारात विक्रेत्याचे नावही बाजाराच्या मालकीचे असते.

खुद्द अमेरिकेत तरी लहान विक्रेत्याला कोणी विचारले काय? जानेवारी २००८ मध्ये ईबेने माल मांडण्याचे शुल्क थोडे घटवले, पण २५ डॉलर्सपर्यंतच्या विक्रीवरील दलाली सव्वापाच टक्क्यांवरून पावणेनऊ टक्क्यांवर नेली. त्याच सुमारास ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याचा विक्रेत्याचा अधिकारही काढून घेतला. संतापलेल्या विक्रेत्यांनी फेब्रुवारीत आठवडाभर बहिष्कार पुकारला, पण नियम बदलले नाहीत. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मात्र वेगळे घडले. तेथे ईबेने आपल्याच ‘पेपाल’ या कंपनीमार्फत पैसे स्वीकारण्याची सक्ती करण्याचे ठरवले. म्हणजे बाजार यांचा, पेढीही यांचीच, आणि शुल्क दोन्हीकडे! तेथील स्पर्धा आयोगाने जून २००८ मध्ये या सक्तीविरुद्ध प्रतिकूल मत नोंदवले आणि महिनाभरात कंपनीने योजना मागे घेतली. विक्रेत्यांच्या एकाकी बहिष्काराने जे साधले नाही, ते जागरूक नियामकाच्या एका नोटिशीने साधले. २०१६ चा महाराष्ट्र आणि २००८ चा ऑस्ट्रेलिया, दोन्हींचा निष्कर्ष एकच आहे. लहान विक्रेता एकटा बाजाराशी झुंजू शकत नाही. त्याच्या पाठीशी कायदा आणि समाज दोन्ही उभे राहावे लागतात.

आपल्याकडे सरकारने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा गावातल्या दुकानदाराला ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी माफ होती. तोच माल संकेतस्थळावरून विकणाऱ्याला मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणीची सक्ती होती. लहान माणसाने नवी वाट धरली म्हणून त्याला झालेला हा दंडच होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती ती सक्ती शिथिल झाली. संकेतस्थळाने विक्रेत्याच्या रकमेतून कापून घ्यावयाचा एक टक्का कर जुलै २०२४ मध्ये अर्धा टक्का झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये बड्या संकेतस्थळांच्या व्यवहारांची चौकशी आरंभली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओएनडीसी’ ही सार्वजनिक स्वरूपाची व्यापार-जाळ्याची संस्था स्थापन झाली, तिचा हेतूही कोणा एका कंपनीची मक्तेदारी होऊ नये हाच आहे. ही पावले योग्य दिशेची आहेत. तथापि २०२० च्या ई-वाणिज्य नियमांचा मुख्य रोख ग्राहकाच्या संरक्षणावर आहे. ग्राहकाची तक्रार किती दिवसांत सोडवावी, हे त्यात लिहिले आहे. लहान विक्रेत्याने रडगाणे कोणापुढे गावे, याचे उत्तर तेवढ्या स्पष्टपणे कोठे लिहिलेले नाही.

“पटत नसेल तर येथे विकू नका, दुसरीकडे जा,” असे उत्तर नेहमी दिले जाते. आवारातही दिले जाते आणि पडद्यावरही. हे उत्तर वरकरणी स्वातंत्र्याचे वाटते. पण सत्तर किलोमीटरवर आणलेला कांदा परत नेण्याचे भाडे कांद्याहून अधिक असते. तीन वर्षे जमवलेले ग्राहक सोडून नव्या संकेतस्थळावर जाणे म्हणजे शून्यापासून आरंभ करणे असते. दुसरीकडे जाण्याचा मार्गच नसलेल्याला दुसरीकडे जा म्हणणे, ही थट्टा आहे. व्यापार मुक्त असावा याविषयी दुमत नाही. पण सौदा दोघांच्या संमतीने होतो, आणि अटी माहीत नसलेल्याची संमती ही संमती नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. बाजार मातीच्या आवारातला असो वा काचेच्या पडद्यावरचा, पहिली बोली लागण्यापूर्वी तीन गोष्टी विक्रेत्याला लेखी कळल्या पाहिजेत. एक, एकूण वजावट किती होणार. दोन, ती कोणाच्या खिशातून जाणार. आणि तीन, पैसे कोणत्या दिवशी हाती पडणार. त्याला धरून आणखी काही करता येण्याजोगे आहे. भाव एका मर्यादेखाली गेला तर हमाली-तोलाईचा वाढीव भार विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने वा बाजार समितीच्या निधीने उचलावा, म्हणजे हमालाचे दामही बुडणार नाही आणि दोन रुपयांचा धनादेशही निघणार नाही. व्यापाऱ्याच्या खरेदीच्या प्रमाणात त्याची बँक हमी बाजार समितीकडे असावी आणि मुदत टळताच त्या हमीतून विक्रेत्याचे पैसे चुकते व्हावेत. पुढल्या तारखेचा धनादेश हा मुदतभंगच मानला जावा. संकेतस्थळांनी शुल्क वाढवण्यापूर्वी पुरेशा मुदतीची सूचना द्यावी, विक्रेत्याचे पैसे अडवून धरले तर त्याचे कारण मराठीत कळवावे आणि ठरल्या दिवसानंतर व्याज द्यावे. सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत द्यावे असे २००६ चा कायदा म्हणतो. मग शेतकऱ्याच्या आणि बचत गटाच्या घामाला व्याज का नसावे?

२०२३ च्या त्या हंगामात राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिले. ते आवश्यक होते, पण ज्यांच्या सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती, त्यांची त्यातही ओढाताण झाली. अनुदान हे जखमेवरचे औषध आहे. जखमच होऊ नये अशी व्यवस्था उभी करणे हे राज्यकर्त्यांचे खरे कर्तव्य होय.

आणि समाजाचे? सारे काही सरकारने करावे आणि समाजाने केवळ हळहळावे, ही वृत्ती बरी नव्हे. ग्राहकाचे शोषण थांबवण्यासाठी बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. अर्थव्यवहारात ग्राहक हाच राजा आहे, ही जाणीव त्या चळवळीने घरोघरी पोहोचवली, कायद्याची पार्श्वभूमी तयार केली. आज तशीच जाणीव लहान विक्रेत्याविषयी निर्माण व्हावी लागेल. गावातील चार शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, लोकांच्या पट्ट्या वाचून दाखवल्या, चुकीची वजावट दिसली तर जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करून दिली, चार शेतकऱ्यांचा माल एका गाडीत, एका नावाने बाजारात नेण्याची व्यवस्था लावली, बचत गटाच्या भगिनींना संकेतस्थळाच्या अटी मराठीत समजावून सांगितल्या, तरी पुष्कळ काम होईल. यासाठी मोठा निधी लागत नाही, व्यासपीठही लागत नाही. हिशेब येणारी माणसे आणि थोडे सातत्य एवढेच लागते. आणि शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनीही, घरपोच आलेल्या स्वस्त वस्तूचा आनंद मानताना आणि ती सहज परत पाठवताना, त्या परतीचे भाडे कोणाच्या पट्टीतून गेले, याचा क्षणभर विचार करावा.

परंड्यातील शेतकऱ्याला दया नको आहे. पिकवण्याचे कष्ट तो करतोच, पावसाची लहर तो सोसतोच. त्याला हवा आहे तो एवढाच हक्क की, आपल्या मालाची बोली लागण्यापूर्वी त्या बोलीतले आपल्याला किती उरणार, हे आपल्याला माहीत असावे. शंभर वर्षांपूर्वी त्याच्यापासून भाव लपवला जात होता. आज भाव उघड आहे आणि वजावट लपलेली आहे. रुमालाचा एक पदर आपल्या पूर्वजांनी उचलला. दुसरा उचलण्याचे काम या पिढीकडे आले आहे.